चौथं पोर्ट

वीस तारीख, रात्रीचे अकरा,
उद्यमनगरातल्या तीन फौंड्र्यांचा जीएसटी
माझ्या स्क्रीनवर नुसता गोल गोल फिरत राहिला.
पलीकडून कुठल्याशा मॅचच्या टाळ्या येत होत्या.
तेव्हाच ठरवलं, वायर बदलायची.

तौफिक मुजावर सकाळी आला, शाहूपुरीत घर शोधत,
खांद्यावर निळं बंडल, खिशात पकड.
जिन्याखालची पेटी उघडून म्हणाला,
"काय वो ताई, म्युझियम हाय की ह्ये."

अण्णांच्या पाच आकडी फोनची तांब्याची जोडी,
वितीवितीवर खिळे मारून ओळंब्यात बसवलेली
(अण्णांना वाकडं चालायचं नाही, चपातीसुद्धा).
पिवळा पडलेला स्प्लिटर.
एक मोडेम, हलवला की त्याच्या पोटात
महापुराचा वाळलेला गाळ वाजायचा.
आणि नंतर घेतलेला एक स्वस्तातला स्विच,
धुळीखाली लुकलुकत.

जुनी पिन कापून त्यानं तळहातावर ठेवली.
आत आठ तारा, जोडलेल्या चारच.
बाकीच्या मागं दुमडून टेपात गुंडाळलेल्या,
तांबं मात्र लखलखीत, कालच ओढल्यासारखं.
"शंभरच्या वर जाणार कसं?
निम्मी वायर झोपलीया."

मग एकेक ओढत गेला.
पहिल्या पोर्टात माझं टेबल.
दुसऱ्यात टीव्ही.
तिसरं मोकळं, आत कोळ्याचं जाळं.
चौथ्यातली वायर भिंतीनं वर, झरोक्यातून बाहेर,
वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीला धरून
बोळ ओलांडून थेट कुंभोज्यांच्या खिडकीत.
दिवा हिरवा. जोरात चाललेला.

"ह्ये कोण, ताई?"

पाणी उतरल्यावर मीच दिली होती.
दोघींच्याही भिंतींवर तेव्हा छातीएवढी ओल,
शोभनाच्या पोराचा कॉलेजचा फॉर्म भरायचा होता,
आठ दिवस राहू दे, म्हणाले होते.
पुढं तिच्या पत्र्याची पन्हाळ माझ्या भिंतीवर आली,
माझा अर्ज महापालिकेत गेला,
तिचा उलटा अर्ज.
चार वर्षं झाली. हळदीकुंकवाचं बोलावणं नाही,
दारात रांगोळी काढतानासुद्धा
आम्ही पाठमोऱ्याच बसायचो.
वायफायचा पासवर्ड मी तीनदा बदलला.
वायरला पासवर्ड लागत नाही.

तौफिकनं पकड तोंड उघडून धरली होती,
माझ्याकडं न बघता.
एक कट, की विषय संपला.
मी विचारलं, ही पण नवी टाकायची तर किती लागेल?
"बारा मीटर. पर तिकडचं टोक
तिकडं जाऊनच बनवाया लागतंय."

तो आधी गेला. काय बोलला, माहीत नाही.
खिडकीत त्याचे हात दिसत होते फक्त,
नारिंगी, हिरवी, निळी तार बोटांत ओळीनं लावताना.
परत येऊन त्यानं टेस्टर काढला.
त्याचे दोन भाग असतात. मोठा ह्या टोकाला.
धाकटा, काडेपेटीएवढा, कुणीतरी पलीकडं न्यायचा.
"मी हितं बघतो," म्हणाला,
आणि धाकटा माझ्या हातात दिला.

शोभनाचे हात कणकेचे होते.
केस पांढरे झालेत बरेच.
चपला काढू का, मी विचारलं.
काढ की, म्हणाली.

खिडकीपाशी पिन लावली, दोघींनी वाकून बघितलं.
एक. दोन. तीन. चार. पाच.
मध्ये एक ठोका काळोख.
सात. आठ.

बोळापलीकडून तौफिक ओरडला,
"सहावी बसली नाय! परत कापाया लागंल,
थांबा तितंच!"

शोभनानं हात धुतले,
दुधाचं पातेलं पुढं ओढलं
आणि माझ्याकडं पाठ ठेवूनच विचारलं,
साखर घालू,
का अजून बंद आहे तुझी?